आरोग्य-शंका: पायातला रॉड, सुईतला धातू

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याविषयी गेल्या अंकात लेख आला, तेव्हापासून ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी आणि खारघरहून पत्रं येत आहेत. बहुतेकांचा रोख एकच: अंगात बसवलेला किंवा औषधातून गेलेला धातू पुढे काय करतो? निवडक पत्रांना आमच्या वैद्यकीय सल्लागारांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत. आकडे आणि डोस समजण्यासाठी आहेत, स्वतःच्या मनाने औषध बदलण्यासाठी नाहीत.

प्रश्न: सासूबाईंच्या मांडीत २००९ साली रॉड घातला. आता कंबरेचा एमआरआय सांगितला आहे. सेंटरवाले म्हणतात, रॉड कशाचा आहे ते लिहून आणा. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना कधीच बंद झाला. शिवाय मंगळसूत्र आणि जोडवी काढायला त्या तयार नाहीत.
— सून, कोलशेत, ठाणे

उत्तर: आधी रॉडचं बघू. हाडात घालायचे रॉड, प्लेट आणि स्क्रू साधारण दोन प्रकारच्या धातूंचे असतात. एक ३१६एल स्टेनलेस स्टील, दुसरा टायटॅनियमचा मिश्रधातू (त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम). ३१६एल हे स्वयंपाकघरातल्या चुंबक चिकटणाऱ्या स्टीलसारखं नसतं. निकेल भरपूर असल्यामुळे त्याची घडण अशी होते की चुंबक त्याला जवळजवळ ओढत नाही. त्यातून रॉड हाडात रुतलेला आणि स्क्रूने आवळलेला असतो, तो जागचा हलत नाही. म्हणजे तुमच्या सासूबाईंचा कंबरेचा एमआरआय बहुधा होईल. अडचण झालीच तर चित्राची होते: धातूच्या भोवती काळा डाग पडतो, स्टीलभोवती मोठा, टायटॅनियमभोवती लहान. रॉड मांडीत आणि तपासणी कंबरेची, त्यामुळे इथे तोही प्रश्न फारसा येणार नाही.

तरी सेंटरवाले कागद मागतात ते बरोबरच आहे. कागद नसेल तर हे करा. जुनं डिस्चार्ज कार्ड, बिलाची फाईल, ऑपरेशनची नोट शोधा. कार्डाच्या मागे कंपनी, लॉट नंबर असलेले छोटे स्टिकर चिकटवलेले असतात. तेही सापडलं नाही तर मांडीचा समोरून आणि बाजूने असा नवा एक्स-रे काढून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रॉडचा प्रकार आणि स्क्रूची ठेवण बघून ते बहुतेक वेळा ओळखतात आणि तसं पत्र देतात. शेवटचा निर्णय रेडिओलॉजिस्टचा. वस्तूंवर तीन खुणा असतात: ‘एमआर सेफ’, ‘एमआर कंडिशनल’ आणि ‘एमआर अनसेफ’. बहुतेक इम्प्लांट मधल्या वर्गात येतात. म्हणजे चालेल, पण चुंबकाची ताकद १.५ टेस्ला की ३ टेस्ला, एका वेळी किती मिनिटं, अशा अटींवर.

खरी भीती रॉडची नाही, इतर वस्तूंची आहे. जुना पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर पूर्वी लावलेली क्लिप, आणि डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण. हा शेवटचा मुद्दा वागळे इस्टेटमध्ये लेथ किंवा ग्राइंडरवर काम केलेल्या प्रत्येकाने नीट वाचावा. वीस वर्षांपूर्वी डोळ्यात किस उडाला, डॉक्टरांनी काढला, विषय संपला असं वाटतं. पण बुबुळामागे राहिलेला बारीक तुकडा चुंबकात फिरला तर दृष्टी जाऊ शकते. ग्राइंडिंग केलं असेल तर फॉर्मवर ‘हो’ लिहा. ते आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढतील. पाच मिनिटांचं काम आहे.

आता मंगळसूत्र. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. सोनं ओढलं जात नाही हे खरं, पण मंगळसूत्राच्या वाटीमागची तार, फासा, सरीतला जोड कशाचा आहे हे सराफसुद्धा बघून सांगणार नाही. शिवाय मशीनमधल्या रेडिओलहरींमुळे धातूच्या कड्यात वीज फिरते आणि कडं तापतं. म्हणून सगळं काढायचंच. साडीच्या पिना, ब्लाऊजचे हुक, केसातल्या क्लिपा, जरीचा काठ, तसेच चांदीचे धागे विणलेले ‘वास न येणारे’ टी-शर्ट आणि ॲल्युमिनियमचा थर असलेली औषधी पट्टी हेही. पट्टी आणि असे कपडे तापून कातडी भाजल्याची उदाहरणं आहेत. जोडवी निघतच नसतील तर तंत्रज्ञाला आधी सांगा. तो हातातल्या चुंबकाने तपासतो, ओढ नसेल तर बोटांमध्ये कापड घालून चिकटपट्टी लावतो. आत झोपल्यावर हाताची बोटं एकमेकांत गुंतवू नका आणि मांड्या उघड्या एकमेकींना टेकू देऊ नका. कातडीला कातडी लागूनही तेच कडं तयार होतं.

आणि सोबत जाणाऱ्यांनी दाराबाहेरच थांबावं. मशीन बंद दिसलं तरी चुंबक चोवीस तास चालू असतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाईकाचा जीव गेला तो यामुळेच.

प्रश्न: एमआरआयच्या आधी क्रिएटिनिनची तपासणी करायला लावली आणि ‘कॉन्ट्रास्ट’ची सुई दिली. ती कसली? साखरेची गोळी दोन दिवस बंद ठेवायची का?
— घणसोली

उत्तर: त्या सुईत गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. त्याच्या अणूत सात इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, त्यामुळे आसपासच्या पाण्याचा सिग्नल बदलतो आणि गाठ किंवा सूज उजळ दिसते. सुटा गॅडोलिनियम विषारी आहे, म्हणून त्याला एका मोठ्या रेणूत कोंडून देतात. डोस वजनाप्रमाणे, किलोमागे ०.१ मिलिमोल: साठ किलोच्या माणसाला साध्या तीव्रतेचं औषध १२ मिली, दुप्पट तीव्रतेचं असेल तर ६ मिली. तो लघवीवाटे जातो. मूत्रपिंड फार बिघडलेलं असेल (ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, ३० च्या खाली) तर तो अंगात रेंगाळतो, रेणू सुटतो आणि कातडी व सांधे आखडवणारा एक दुर्मीळ पण वाईट आजार होऊ शकतो. २००६ मध्ये हा संबंध लक्षात आला. म्हणून मूत्रपिंडाचं काम तपासणारी क्रिएटिनिनची चाचणी. लांब साखळीच्या रेणूपेक्षा पिंजऱ्यासारख्या बंद रेणूतलं औषध जास्त सुरक्षित ठरलं आणि युरोपने २०१७ मध्ये साखळीवाली बहुतेक औषधं मागे घेतली. सेंटरला विचारायचंच असेल तर हे विचारा: औषध ‘मॅक्रोसायक्लिक’ (म्हणजे पिंजऱ्यावालं) आहे का?

साखरेची गोळी म्हणजे मेटफॉर्मिन असेल तर तो नियम सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या सुईचा आहे, तोही मूत्रपिंड कमजोर असलेल्यांसाठी. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

प्रश्न: भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. खारघरला बोन स्कॅन सांगितलाय. ‘किरणोत्सारी सुई’ म्हटल्यावर घरात घबराट आहे, नातवंडं लहान आहेत. सकाळी आठलाच का बोलावतात आणि सुईनंतर तीन तास का बसवून ठेवतात?
— कामोठे

उत्तर: या सुईतला धातू टेक्नेशियम. निसर्गात तो जवळजवळ सापडत नाही, त्याचं एकही रूप कायम टिकणारं नाही. माणसाने तो १९३७ मध्ये पहिल्यांदा वेगळा केला. तपासणीत वापरतात त्या टेक्नेशियम-९९एम चं अर्धायुष्य सहा तासांचं. आज सकाळी दिलेल्या सुईतलं उद्या सकाळी सोळावा भाग उरतो, आणि त्यातला बराच लघवीतून आधीच गेलेला असतो.

सहा तासांत अर्धा होणारा माल दूरवरून आणून पुरवता येत नाही. म्हणून रुग्णालयात येतो तो त्याचा पालक, मॉलिब्डेनम-९९. त्याचं अर्धायुष्य ६६ तास. शिशाच्या जाड भांड्यात ॲल्युमिनाच्या नळकांड्यावर तो बसवलेला असतो आणि त्याचं सतत टेक्नेशियम होत राहतं. सकाळी वरून सलाईन सोडलं की टेक्नेशियम खाली निघून येतं आणि मॉलिब्डेनम वरच चिकटून राहतो. या विभागात याला सर्रास ‘मिल्किंग’ म्हणतात. एकदा काढल्यावर पुन्हा पुरेसं भरायला साधारण २३ तास लागतात, म्हणून बहुतेक ठिकाणी रोज सकाळी एकदाच काढतात. तुमच्या भावाला आठला बोलावण्याचं कारण हे. काढलेल्या द्रावात मॉलिब्डेनम निसटून आलाय का हे आधी तपासावंच लागतं. किरणोत्सारी औषधांचा आणि त्यांच्या किटचा मोठा पुरवठादार, अणुऊर्जा विभागाचं ‘ब्रिट’, आपल्या वाशीतच आहे.

निव्वळ टेक्नेशियम हाडाला चिकटत नाही. ते एमडीपी नावाच्या फॉस्फोनेटशी जोडावं लागतं. किटच्या बाटलीत एमडीपीची पांढरी पूड आणि चिमूटभर कथिलाचा क्षार असतो. कथिलामुळे टेक्नेशियम जोडण्यालायक अवस्थेत येतं. इथे एक बारीक गोष्ट बिघडते: सुई टोचताना बाटलीत हवा शिरली तर कथिल आधीच ऑक्सिडाइझ होतं, काही टेक्नेशियम सुटं राहतं, आणि मग चित्रात हाडांसोबत थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर उजळतात. अनुभवी डॉक्टर ते चित्र बघताच ‘किट खराब’ म्हणतात, ‘रोग पसरला’ म्हणत नाहीत.

डोस साधारण २० मिलिक्युरी. तीन तासांत औषध हाडांत बसतं आणि रक्तातलं, मांसातलं जास्तीचं धुऊन निघतं. त्याआधी फोटो काढला तर सगळंच धूसर. या वेळात एक-दीड लिटर पाणी प्यायचं, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घेत असतील तर आधी विचारून. फोटोच्या आधी लघवी करून यायचं, कारण भरलेलं मूत्राशय कंबरेची हाडं झाकतं. आणि ती करताना थेंब कपड्यावर सांडू देऊ नये. लेंग्यावरचा एक ओला डाग स्कॅनवर मांडीच्या हाडातल्या गाठीसारखा उमटतो. पट्ट्याचं बक्कल, खिशातलं नाणं काढून ठेवावं, ते उलट पोकळी दाखवतं. गुडघा बदलून वर्षही झालं नसेल किंवा मध्यंतरी बरगडी मोडली असेल तर ते आधीच सांगा, तिथे उजळणारच. सुई ज्या हातात दिली तिथे थोडं औषध बाहेर झिरपलं तर त्या जागी ठिपका दिसतो, तेही रिपोर्ट देणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

किरणांची एकूण मात्रा सुमारे ४ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून वर्षाला आपल्याला सरासरी २.४ मिळतच असते. त्या दिवशी नातवंडांना मांडीवर घेऊन बसू नये, गरोदर सुनेने दूर बसावं, संडासात पाणी दोनदा ओतावं. ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही. दोन दिवसांत विमानप्रवास असेल तर विभागाकडून चिठ्ठी घ्या. विमानतळावरचे किरणमापक फार संवेदनशील असतात.

प्रश्न: मला खोट्या दागिन्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने खाज सुटते. आता दोन्ही गुडघे बदलायला सांगितले आहेत. आतला धातू मानवेल का?
— निवृत्त शिक्षिका, नौपाडा

उत्तर: तुम्हाला निकेलची ॲलर्जी असणार. आपल्याकडच्या दमट हवेत घाम येतो, घामातलं मीठ निकेल विरघळवतं आणि तो कातडीत उतरतो. जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ उठणारं पुरळ हे त्याचंच.

गुडघ्याच्या नेहमीच्या सांध्यात मांडीकडचा भाग कोबाल्ट-क्रोमियमचा, नडगीकडची थाळी टायटॅनियमची किंवा कोबाल्ट-क्रोमियमची आणि मध्ये पॉलिथिलीनचा तुकडा असतो. कोबाल्ट-क्रोमियममध्ये निकेल अर्ध्या ते एका टक्क्याच्या आत. (फ्रॅक्चरच्या स्टीलच्या प्लेटमध्ये तो १० ते १४ टक्के असतो, आणि तरी लाखो लोक ती निमूट वागवतात.) कातडीची ॲलर्जी असलेल्यांचे सांधे त्यामुळे बिघडतात असं ठाम दिसलेलं नाही. म्हणून प्रत्येकाची पॅच टेस्ट करायची गरज नसते.

पण तुमच्यासारखा स्पष्ट इतिहास असेल तर आधी सांगणं योग्य. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर ५ टक्के निकेल सल्फेटचा मलम असलेली पट्टी लावतात, ४८ तासांनी काढतात, आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. मधल्या काळात पाठ भिजवायची नाही, खाजेच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड चालू असतील तर सांगायचं. पॉझिटिव्ह आली तर झिर्कोनियमच्या मिश्रधातूचा किंवा टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असलेला सांधा मागवता येतो. महाग पडतो, म्हणून तो हवाच का, हे डॉक्टरांशी बसून ठरवा. आणि ऑपरेशननंतर गुडघा दुखत राहिला, तर ‘ॲलर्जी’ हे निदान सगळ्यात शेवटी. आधी जंतुसंसर्ग आणि सांधा सैल होणं तपासायचं. तसं न करता ॲलर्जीवर खापर फोडलं की खरा जंतुसंसर्ग महिनोन्महिने तसाच राहतो.

घरात कुठली वस्तू त्रास देते हे ठरवायला डायमिथिलग्लायॉक्झिमचं द्रावण मिळतं. कापसाच्या बोळ्याने धातूवर चोळा. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतो आहे.

प्रश्न: वडिलांना घशाच्या कॅन्सरसाठी आठवड्याला ‘सिस्प्लॅटिन’ चालू आहे. औषध थोडंसं, पण सलाईनच्या बाटल्या चार-चार. त्यातून कानात शिट्टी वाजते म्हणतात. हे बरोबर चाललंय ना?
— मुलगा, कळवा

उत्तर: बाटल्या बरोबर आहेत. कानाची गोष्ट मात्र आजच कळवा.

सिस्प्लॅटिन म्हणजे प्लॅटिनमच्या एका अणूला दोन क्लोराइड आणि दोन अमोनिया. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जंतूंवर परिणाम तपासत होते. जंतू विभागायचे थांबले, आणि ती करणी विजेची नसून प्लॅटिनमच्या कांड्यांमधून सुटलेल्या संयुगाची निघाली. १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. रक्तात क्लोराइड भरपूर असतं तोवर औषध स्वस्थ असतं. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी. तिथे प्लॅटिनमचे क्लोराइड गळतात आणि तो डीएनएला दोन जागी पकडतो. म्हणूनच हे औषध मिठाच्या सलाईनमध्येच देतात, नुसत्या ग्लुकोजमध्ये नाही.

हाच प्लॅटिनम मूत्रपिंडाच्या नळ्यांमध्ये साचतो. त्याला पातळ करून बाहेर काढायला आधी आणि नंतर सलाईन, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम, कारण दोन्ही लघवीतून वाहून जातात. तासाला किमान १०० मिली लघवी व्हावी असं बघतात. घरी भांड्यात मोजून वहीत लिहा. नर्सला ते सांगता आलं की तिचं काम निम्मं होतं. घरी गेल्यावर ओकारी चार-पाच दिवसही टिकते. एक दिवस पाणी पोटात टिकलं नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. कुठल्याही दवाखान्यात ताप दाखवायला गेलात तर जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही अँटिबायोटिक देण्याआधी सिस्प्लॅटिन चालू असल्याचं सांगा. ती मूत्रपिंड आणि कान दोन्ही बिघडवतात.

शिट्टी हे कानाच्या आतल्या पेशींना इजा होत असल्याचं लक्षण. उंच पट्टीचे आवाज आधी जातात, बोलणं ऐकू येत असतं म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात, पण गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

परिचारिकांसाठी दोन गोष्टी, ज्या घाईत विसरल्या जातात: सिस्प्लॅटिन ॲल्युमिनियम असलेल्या सुईला लागू द्यायचं नाही, काळा साका पडतो आणि औषध निकामी होतं. आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खडे बसतात.

प्रश्न: भावाला बायपोलरसाठी लिथियम चालू आहे. परवाचा रिपोर्ट फार जास्त आला, डॉक्टरांनी घाबरून गोळी थांबवली. पुन्हा केला तर नॉर्मल! कुठल्या लॅबवर विश्वास ठेवायचा?
— नाव छापू नये, ऐरोली

उत्तर: भावाला काहीच त्रास नव्हता आणि दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला, तर बहुधा नळी चुकली. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन घातलेलं असतं. त्यात लिथियम मोजलं तर नळीतलंच मोजलं जातं. लाल किंवा पिवळ्या टोपणाची नळी मागा. दुसरं, रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच द्यायचं. सकाळी गोळी घेऊन दहाला रक्त दिलं की आकडा फुगतो. नेहमीची पातळी ०.६ ते १.०, दीडच्या वर धोका.

लिथियम आणि सोडियम ही भावंडं, मूत्रपिंड दोघांना एकाच वाटेने परत घेतं. म्हणून बीपीसाठी अचानक मीठ बंद केलं, जुलाब-उलट्या झाल्या, मे महिन्यात घामाने अंगातलं पाणी गेलं किंवा लघवीची गोळी, आयबुप्रोफेन सुरू झालं की लिथियम साचतो. हात मोठ्याने थरथरणं, तोल जाणं, बोलणं जड होणं, जुलाब, यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियम तपासायचं.

प्रश्न: वडिलांना पेसमेकर आहे, वय ८८. विचारायला जड जातं, पण अग्नी देण्याआधी तो काढावा लागतो म्हणतात ते खरं का?
— पाचपाखाडी

उत्तर: खरं आहे, आणि आधी विचारलंत हे चांगलं केलंत. पेसमेकरचं कवच टायटॅनियमचं, आत लिथियमची बंद बॅटरी. तापल्यावर ती फुटते. विद्युतदाहिनीचं किंवा गॅसदाहिनीचं अस्तर फुटू शकतं, लाकडांवर जवळ उभ्या माणसाला इजा होऊ शकते. मृत्यू रुग्णालयात झाला तर तिथेच सांगा. घरी झाला तर मृत्यूचा दाखला द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना सांगा. कातडीला छोटा छेद देऊन डबी काढतात, तारा कापतात, दोन टाके घालतात. घरच्यांनी स्वतः करू नये. यंत्र शॉक देणारं (आयसीडी) असेल तर तारा कापण्याआधी ते ‘प्रोग्रामर’ नावाच्या उपकरणाने बंद करावं लागतं, नाहीतर काढणाऱ्याला झटका बसतो.

गुडघ्याचा सांधा, रॉड, स्टेंट काढायची गरज नाही, ते वितळतही नाहीत. अस्थी वेचताना सापडले तर बाजूला काढा, खाडीत सोडू नका.

प्रश्न: संधिवातासाठी चार महिने एका वैद्यांची ‘भस्माची’ पुडी घेतली. आता पोटात पिळवटून दुखतं, हिमोग्लोबिन ७.८. कोणीतरी शिसं तपासायला सांगितलं. सापडलं तर ‘किलेशन’ने सगळं साफ होतं का?
— वाशी

उत्तर: तपासा, आणि पुडी आजच बंद करा; टाकून मात्र देऊ नका, सोबत न्या. रसशास्त्राच्या (आयुर्वेदातल्या धातू-भस्मांच्या) औषधांत धातू मुद्दाम घालतात, आणि पुडीवर घटक, कंपनी, बॅच लिहिलेली नसेल तर आत काय, किती, हे कोणालाच माहीत नसतं. पोटशूळ, बद्धकोष्ठ आणि रक्त कमी हे तिन्ही एकत्र आले की शिशाचा संशय घ्यावाच. अपेंडिक्स समजून पोट उघडल्याचे प्रकार होतात.

रक्तातलं शिसं तांबड्या पेशींत असतं, म्हणून सीरम नाही, पूर्ण रक्त द्यायचं, जांभळ्या किंवा खास धातू-चाचणीच्या गडद निळ्या नळीत. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर स्रोत शोधायला घ्यायचा. प्रौढांत किलेशनचा, म्हणजे औषधाने शिसं काढायचा, विचार साधारण ५० च्या वर आणि लक्षणं असतील तेव्हा, १०० च्या वर लक्षणं नसली तरी. त्यासाठी सक्सिमर हे औषध किलोमागे १० मिग्रॅ, पाच दिवस दिवसातून तीनदा, पुढे चौदा दिवस दोनदा. कोर्स संपल्यावर हाडांत साठलेलं शिसं रक्तात उतरतं आणि आकडा पुन्हा चढतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत तपासणी. एका फेरीत ‘सगळं साफ’ होत नाही.

किलेशनचं दुसरं औषध, सलाईनमधून देतात ते ईडीटीए, दोन प्रकारचं असतं. शिशासाठी कॅल्शियमवालं. नुसतं डायसोडियम ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि त्यात माणसं दगावली आहेत. ‘बायपासविना ब्लॉकेज साफ’ अशा जाहिराती बघून कोणी ईडीटीएच्या बाटल्या लावून घेऊ नयेत. मधुमेही हृदयरुग्णांवरच्या टॅक्ट-२ या चाचणीत २०२४ मध्ये त्याचा फायदा दिसला नाही.

प्रश्न: प्रेग्नन्सी कार्डवरच्या लाल रेघेत सोनं असतं, हे खरं की थाप?
— कॉलेजकन्या, नेरूळ

उत्तर: बऱ्याच कार्डांत खरं आहे. सोन्याचे वीस ते चाळीस नॅनोमीटरचे कण पिवळे नाही, लाल दिसतात. त्यांना अँटिबॉडी चिकटवलेली असते. लघवीतलं एचसीजी (गरोदरपणात तयार होणारं संप्रेरक) त्यांना पकडून रेघेवर आणून गोळा करतं. सराफाकडे नेण्याइतकं त्यातून काही निघत नाही. कार्ड वाचायचं ते पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांत, साधारण पाच. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून बघितलेली फिकट रेघ बऱ्याचदा वाळल्यामुळे उमटलेली असते; शंका असेल तर दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर नवं कार्ड वापरा.